सीडी४ आणि व्हायरल लोड: तपासणी कधी करायची, रक्त कसं द्यायचं, रिपोर्ट कसा वाचायचा

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, नाव नोंदवलं की पहिल्या काही दिवसांत सीडी४ चा कागद हातात येतो आणि घरातल्या सगळ्यांचा जीव त्या एका आकड्यावर टांगून राहतो. रांगेत शेजारी बसलेला माणूसही पहिला प्रश्न तोच विचारतो, "काउंट किती आला?" आकडा महत्त्वाचा आहे, यात वाद नाही. पण तो एकटा वाचला, की हमखास चुकीचा अर्थ निघतो. कुणी १८० पाहून आशा सोडतं, तर कुणी ६५० पाहून गोळ्याच सोडतं. दोन्हींत नुकसानच.

हा लेख एचआयव्हीचं नव्याने निदान झालेल्यांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि या कामात नुकत्याच आलेल्या समुपदेशक व लॅब टेक्निशियन मंडळींसाठी आहे. यातला क्रम आपल्याकडच्या सरकारी एआरटी केंद्रांतल्या पद्धतीला धरून आहे. गोळ्या सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं हा निर्णय मात्र तुमच्या केंद्रातल्या डॉक्टरांचाच.

दोन तपासण्या, दोन वेगळे प्रश्न

सीडी४ ही पांढऱ्या पेशींमधली एक जात. जंतू दिसला की बाकीच्या संरक्षक पेशींना कामाला लावणं हे तिचं काम. एचआयव्ही नेमका याच पेशींत शिरतो, तिथे स्वतःच्या प्रती काढतो आणि पेशी मरते. म्हणून संसर्ग जुना होत जातो तशा या पेशी घटत जातात. तपासणीत रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या किती आहेत ते मोजतात. निरोगी प्रौढ माणसात हा आकडा साधारण ५०० ते १,५०० असतो.

व्हायरल लोडमध्ये पेशी मोजत नाहीत, विषाणू मोजतात. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा काढतात आणि त्याच्या १ मिलिलीटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत ते पाहतात.

सीडी४ सांगतो की आज शरीर किती सुरक्षित आहे आणि कोणत्या आजारांपासून जपायला हवं. व्हायरल लोड सांगतो की गोळ्या काम करताहेत की नाही. एकाचं उत्तर दुसऱ्याकडे मागितलं की घोटाळा होतो. औषध निकामी झालं तर आधी व्हायरल लोड वाढतो, मग काही महिन्यांनी सीडी४ उतरतो आणि माणूस आजारी पडतो तो त्याच्याही नंतर. नुसत्या सीडी४ वर विसंबून राहिलं तर धोका उशिरा कळतो, तोवर विषाणू औषधाला सरावलेला असू शकतो.

या दोन्हींपैकी एकीनेही प्रौढांमध्ये एचआयव्हीचं निदान करत नाहीत. सीडी४ कमी आला म्हणजे एचआयव्ही आहे असं नव्हे. टीबी, मोठं आजारपण, स्टेरॉइडच्या गोळ्या यांनीही तो उतरतो. निदान होतं ते आयसीटीसीमध्ये (एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात), वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तीन तपासण्यांनी. "आधी सीडी४ करून बघू, मग ठरवू" असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका.

पहिला सीडी४: गोळ्यांसाठी थांबायचं नाही

जुन्या लोकांकडून तुम्ही ऐकलं असेल, "काउंट अमुक झाल्याशिवाय गोळ्या देत नाहीत." ते तेव्हा खरं होतं. देशात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. त्या काळी सीडी४ २०० च्या खाली गेल्यावर औषध मिळायचं. पुढे ही मर्यादा ३५० आणि मग ५०० झाली. २०१७ पासून ती अटच उरली नाही. निदान झालेल्या प्रत्येकाला, सीडी४ कितीही असला तरी, उपचार मिळतात. त्यामुळे सीडी४ चा रिपोर्ट आला नाही म्हणून गोळ्या थांबवून ठेवायचं काही कारण नाही. टीबी किंवा मेंदूज्वराची शंका असेल तेव्हाच डॉक्टर मुद्दाम थोडं थांबतात. टीबीत आधी टीबीची औषधं सुरू होतात, एआरटी त्यानंतर काही आठवड्यांत.

मग पहिला सीडी४ करायचाच कशाला? कारण बरेच लोक निदान होईपर्यंत बराच काळ आजार अंगावर काढून आलेले असतात आणि तब्येत वरवर ठीक दिसते. आकड्यावरून पुढच्या तपासण्या ठरतात:

- ३५० च्या खाली: इतर संसर्ग टाळायला कोट्रायमोक्साझोलची गोळी सुरू होते (बरेच जण तिला सेप्ट्रान म्हणतात). प्रौढांना रोज एक डबल स्ट्रेंग्थ, म्हणजे ९६० मिलिग्रॅम. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायचं.
- २०० च्या खाली: याला प्रगत एचआयव्ही आजार धरतात. न्यूमोसिस्टिस नावाचा न्यूमोनिया होण्याचा धोका इथून वाढतो. टीबीसाठी थुंकी, छातीचा एक्स-रे आणि सोय असेल तिथे लघवीची लॅम तपासणी (टीबीच्या जंतूची खूण शोधणारी) करतात.
- १०० च्या खाली: क्रिप्टोकोकस बुरशीसाठी रक्ताची अँटिजेन तपासणी झालीच पाहिजे. ही बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत जाते आणि सुरुवातीला फक्त डोकेदुखी असते. टोक्सोप्लाझ्मा या मेंदूला इजा करणाऱ्या परजीवीचा धोकाही याच पातळीला.
- ५० च्या खाली: सायटोमेगॅलो विषाणूमुळे डोळ्याचा पडदा खराब होऊ शकतो. डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्यायचा. डोळ्यापुढे ठिपके किंवा पडदा आल्यासारखं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

टीबी मात्र या यादीत बसत नाही. ती कुठल्याही काउंटला होते, ७०० असला तरी. म्हणून प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारले जातात: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. उगाच "नाही, नाही" म्हणून पुढे जाऊ नका.

सरकारी कार्यक्रमात सुरुवातीला व्हायरल लोड सहसा करत नाहीत. औषध घेत नसताना तो जास्त असणार हे ठरलेलंच, शिवाय त्यावरून उपचार बदलत नाहीत. त्याच दिवशी किडनीचं क्रिएटिनिन, लिव्हरचं एएलटी, हिमोग्लोबिन, साखर आणि कावीळ बी-सीच्या तपासण्या होतात. त्यातली कावीळ बीची हलक्यात घेऊ नका. सध्याच्या गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिवुडिन ही दोन औषधं कावीळ बीलाही दाबून ठेवतात. ती मध्येच सोडली तर कावीळ उसळू शकते.

रक्त देताना

या दोन तपासण्यांसाठी उपाशी राहावं लागत नाही. त्याच दिवशी साखर किंवा लिपिड असेल तरच रिकाम्या पोटी बोलावतात, आदल्या दिवशी विचारून घ्या. बऱ्याच केंद्रांत सीडी४ साठी रक्त ठरावीक वारीच घेतात. लांबच्या तालुक्यातून येणाऱ्यांनी फोन करूनच निघावं.

त्या दिवशीची गोळी नेहमीच्या वेळीच घ्यायची. "रक्त द्यायचंय म्हणून आज गोळी घेतली नाही" हे फार ऐकू येतं. त्याचा तपासणीला काडीचाही फायदा नाही. उलट प्रकारही होतो. एरवी चुकवायच्या आणि तारखेआधी पंधरा दिवस नेमाने घ्यायच्या. अशाने एखादा रिपोर्ट चांगला येईलही, पण फसवणूक स्वतःचीच होते.

तपासणी पुढे ढकलावी अशीही काही कारणं आहेत. डेंग्यू, फ्लू, मोठा ताप, शस्त्रक्रिया यातून नुकते उठला असाल, किंवा लस घेतली असेल, तर साधारण ४ आठवडे जाऊ द्यावेत. अशा दिवसांत सीडी४ उतरलेला आणि व्हायरल लोड थोडा चढलेला दिसू शकतो. अर्थात तब्येत बिघडण्याचं कारणच शोधायचं असेल तर डॉक्टर लगेच तपासतील.

सीडी४ दिवसभरातही बदलतो, सकाळी-दुपारी कमी आणि संध्याकाळी जास्त. म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळेला आणि त्याच लॅबमध्ये रक्त द्यावं. एकदा केंद्रात, एकदा खाजगीत असं केलं तर यंत्रांमधला फरक तुमच्या आकड्यात मिसळतो आणि तो वेगळा काढता येत नाही.

लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी: दोन्ही तपासण्यांना जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी. नळी खुणेपर्यंत भरायची, कमी भरली तर रक्त आणि ईडीटीएचं प्रमाण बिघडतं. भरल्याबरोबर ८-१० वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची, झटकायची नाही. न मिसळता स्टँडला लावली की तळाशी बारीक गुठळी धरते. गुठळीत पेशी अडकतात आणि आकडा खोटाच कमी येतो. गुठळी दिसली तर नमुना फेकून नवा घ्यायचा, ती काडीने काढून उरलेलं रक्त चालवायचं नाही.

इथून पुढे दोन नमुन्यांची वाट वेगळी होते. सीडी४ साठी अख्खं, जिवंत पेशींचं रक्त लागतं. ते खोलीच्या तापमानालाच, साधारण २० ते २५ अंशांवर, ठेवायचं आणि सहसा ४८ तासांच्या आत यंत्रावर लावायचं. फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, बर्फाच्या पिशवीला चिकटवून पाठवायचं नाही. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातून दुपारच्या एसटीने नमुने गेले तर उलटा प्रश्न येतो. डब्याच्या आत उन्हाचा ताप लागू नये म्हणून थंड पाऊच ठेवावे लागतात, पण नळीला थेट टेकू न देता. व्हायरल लोडला मात्र प्लाझ्मा हवा. यंत्र कोणतं त्यानुसार ६ ते २४ तासांत सेंट्रिफ्यूज करून तो वेगळा काढायचा आणि गोठवून पाठवायचा. वेळ गेली की विषाणूचं आरएनए तुटतं आणि लोड आहे त्यापेक्षा कमी दिसतो. नळीवरचा एआरटी क्रमांक आणि फॉर्मवरचा क्रमांक जुळतो का हे मात्र रुग्णानेही डोळ्याने बघावं. नावात साम्य असलेले दोघे रांगेत पुढेमागे असणं ही रोजची गोष्ट आहे.

सीडी४ चा रिपोर्ट: आकडा आणि टक्का

बहुतेक रिपोर्टवर दोन गोष्टी असतात: अ‍ॅब्सोल्यूट काउंट आणि सीडी४ टक्का. सगळे पहिलीच वाचतात. दुसरी जास्त स्थिर असते.

समजा, एखाद्याच्या रक्तात एका घन मिलिमीटरला १,५०० लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक गट, सीडी४ यातल्याच) पेशी आहेत आणि त्यातल्या २० टक्के सीडी४. काउंट झाला ३००. पुढच्या तपासणीच्या वेळी अंगात ताप आहे, लिम्फोसाइट उतरून १,००० वर आल्या. टक्का तोच, २०. काउंट झाला २००. कागदावर १०० पेशी गेल्या, रोगप्रतिकारशक्तीत मात्र मोठा बदल नाही. गरोदरपणात नेमकं असंच होतं. शरीरातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, काउंट उतरतो, टक्का जवळपास जागेवर राहतो. उलट ज्यांची प्लीहा काढलेली आहे, त्यांचा काउंट मुळापेक्षा फुगलेला दिसतो. त्यांचा टक्काच वाचावा.

प्रौढांसाठी ढोबळ जुळणी लक्षात ठेवायला सोपी आहे. १४ टक्क्यांच्या खाली म्हणजे २०० च्या खालच्यासारखं, २६ टक्के किंवा जास्त म्हणजे ५०० च्या वरच्यासारखं. काउंट आणि टक्का यात मोठी तफावत असेल तर डॉक्टरांना दाखवून विचारा. काही छोटी यंत्रं फक्त काउंट देतात, तिथे हा ताळा करता येत नाही.

किती फरक पडला तर तो खरा मानायचा? काउंटमध्ये सुमारे ३० टक्के, किंवा टक्क्यात ३ अंक. म्हणजे ४८० वरून ४२० आला तर काही घडलेलं नाही. ४८० वरून ३०० आला तर पुन्हा तपासून, कारण शोधायचं. वरच्या उदाहरणात ३०० चा २०० झाला, म्हणजे ३० टक्क्यांची रेघ ओलांडली, तरी टक्का हलला नाही. म्हणून दोन्ही बघायचे, आणि सलग तीन-चार रिपोर्ट शेजारी ठेवून कल बघायचा.

रिपोर्टवर आणखी एक ओळ असू शकते, सीडी४-सीडी८ गुणोत्तर. निरोगी माणसात ते १ किंवा जास्त असतं, एचआयव्हीत उलटतं आणि उपचारांवरही सावकाश सुधारतं. त्यावरून औषध बदलत नाहीत, त्यामुळे त्यासाठी झोप उडवून घेऊ नये.

परदेशात नोकरीला असलेल्यांना एकक वेगळं दिसेल. काही देशांत लिटरमागे मोजतात. ०.३५ गुणिले दहाचा नववा घात म्हणजे आपले ३५०. ब्रिटनमधला रिपोर्ट पाहून "माझा काउंट शून्यावर आला" असं वाटायला नको.

गोळ्या सुरू झाल्यावर किती वाढ अपेक्षित आहे

पहिल्या तीन महिन्यांत वाढ जोरात होते. पहिल्या वर्षात साधारण ५० ते १५० पेशी, पुढे वर्षाला ५० ते १००, आणि मग कधीतरी आकडा एका जागी स्थिरावतो. ९० वर सुरुवात केलेल्याने ६ महिन्यांत ५०० ची अपेक्षा धरू नये. पपई, गुळवेल, काढे आणि प्रोटीन पावडर यांनी "पेशी वाढतात" म्हणून पैसे उकळणारे बरेच भेटतील. पेशी वाढतात त्या विषाणू दबल्यामुळे. चांगलं जेवा, ते हवंच, पण काउंटसाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही.

एक गोष्ट आधीच माहीत असावी. फार कमी काउंटवर उपचार सुरू झाले तर पहिल्या आठवड्यांत ते तीन महिन्यांत काही जणांना अचानक ताप येतो, गाठी सुजतात, खोकला वाढतो. प्रतिकारशक्ती जागी होते आणि आत दडलेल्या टीबीसारख्या जंतूवर तुटून पडते. केंद्रात याला आयरिस म्हणतात. काउंट वाढतोय आणि माणूस मात्र जास्त आजारी, असं उलटं चित्र दिसतं. "गोळ्या सोसल्या नाहीत" म्हणून लोक इथेच औषध बंद करतात, आणि तेच धोक्याचं. गोळ्या चालू ठेवून त्याच दिवशी केंद्र गाठायचं.

सीडी४ दर ६ महिन्यांनी होतो. पुढे काउंट ३५० च्या वर आणि व्हायरल लोड १,००० च्या खाली असा जम बसला की नियमित सीडी४ बंद करतात. यावर पुष्कळ जण नाराज होतात. "आता आमच्याकडे लक्ष देत नाहीत." तसं नाही. विषाणू दबलेला असताना सीडी४ चे चढउतार बघून उपचारात काहीही बदल होत नाही, फक्त काळजी वाढते. व्हायरल लोड वाढला किंवा नवा आजार आला तर सीडी४ पुन्हा करतात. कोट्रायमोक्साझोल मात्र आपण होऊन बंद करू नका. काउंट ६ महिन्यांच्या अंतराने सलग दोनदा ३५० च्या वर आला की डॉक्टर ती थांबवतात.

व्हायरल लोड: कधी, आणि रिपोर्टवरचे शब्द

गोळ्या सुरू झाल्यावर ६ महिन्यांनी पहिला, १२ महिन्यांनी दुसरा, नंतर वर्षातून एकदा. दुसऱ्या फळीच्या औषधांवर (पहिली निकामी झाल्यावर दिलेल्या) असाल तर ६ महिन्यांनी. गरोदर स्त्रीचा ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान करतात, कारण बाळाला किती औषध द्यायचं ते त्यावर ठरतं. तारीख उलटून गेली आणि कुणी रक्त घ्यायला सांगितलं नाही तर स्वतःहून विचारा. गर्दीत राहून जातं.

रिपोर्टवर दिसणारे शब्द असे:

- टार्गेट नॉट डिटेक्टेड: यंत्राला विषाणू सापडला नाही.
- लेस दॅन २० किंवा लेस दॅन ४०: विषाणूची खूण सापडली, पण मोजण्याइतकी नाही. २० की ४० हे यंत्रावर अवलंबून. दोन वर्षांचे दोन आकडे वेगळे दिसले म्हणून वाढ झाली असं समजू नका.
- ५० ते ९९९: पूर्ण दबलेला नाही. एकदाच ५० ते २०० च्या दरम्यान येऊन पुन्हा खाली गेला तर त्याला ब्लिप म्हणतात, तो औषध निकामी झाल्याचा पुरावा नव्हे. मात्र अशा आकड्यावरही गोळ्यांच्या वेळेची चौकशी व्हायलाच हवी.
- १,००० किंवा जास्त: याची दखल घेऊन पुढची पावलं उचलतात.

शेजारी बऱ्याचदा लॉगचा आकडा असतो. १,००० म्हणजे लॉग ३, १०,००० म्हणजे ४, १,००,००० म्हणजे ५. लॉगमध्ये ०.५ पेक्षा, म्हणजे साधारण तिपटीपेक्षा कमी फरक असेल तर तो तपासणीतलाच चढउतार असू शकतो. ८५,००० वरून ६ महिन्यांत ४०० वर आला, तर ४.९३ वरून २.६०: उत्तम उतार. पण २,००० चा ३,५०० झाला तर "जवळपास दुप्पट झाला" म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. काळजीची गोष्ट हीच, की दोन्ही वेळा तो १,००० च्या वर आहे.

नॉट डिटेक्टेड म्हणजे बरा झाला असं नव्हे. विषाणू काही पेशींत सुप्त पडून राहतो. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच लोड पुन्हा चढतो. पण त्याचा दुसरा अर्थ खूप मोठा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. नियमित गोळ्या घेऊन व्हायरल लोड किमान ६ महिने न सापडण्याइतका राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. मूल हवं असलेल्या जोडप्यांनी याबद्दल केंद्रात मोकळेपणी बोलावं. रक्तदान मात्र करायचं नाही, आणि बाकीचे गुप्तरोग टाळायला कंडोम लागतोच.

१,००० च्या वर आला तर

लगेच गोळी बदलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. बहुतेक वेळा गोळी नीट पोचत नसते. आधी ते शोधायचं.

१. डबीत उरलेल्या गोळ्या मोजतात. घेतलेल्या गोळ्या भागिले घ्यायच्या होत्या तितक्या, गुणिले १००. अपेक्षा ९५ टक्क्यांच्या वर. महिन्याच्या ३० पैकी २ चुकल्या तर ९३ टक्के झाले, म्हणजे दोनच चुका पुरेशा आहेत. त्यामुळे डबी भेटीला बरोबर न्यायची, घरी रिकामी करून नाही.

२. का चुकतात ते विचारतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलो, डबी घरी राहिली. रात्रपाळी बदलली. सासूसमोर गोळी घेता येत नाही. दारू. खरं कारण सांगितलं तर उपाय निघतो. वेळ बदलता येते, गोळ्या लेबल नसलेल्या डबीत ठेवता येतात, जवळच्या लिंक एआरटी केंद्रातून (मुख्य केंद्राला जोडलेल्या छोट्या केंद्रातून) घेता येतात.

३. बरोबर काय घेता ते पाहतात. सध्या बहुतेकांना मिळणाऱ्या टीएलडी गोळीत टेनोफोविर ३००, लॅमिवुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅविर ५० मिलिग्रॅम असतं. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध, लोह, कॅल्शियम, झिंक यांच्याबरोबर घेतलं तर डोल्युटेग्रॅविर पोटातच बांधलं जातं आणि रक्तात कमी उतरतं. गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची. लोह-कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर असेल तर दोन्ही एकत्र चालतात. गरोदर बायकांच्या बाबतीत हे हमखास राहून जातं, कारण लोहाच्या गोळ्या दुसऱ्याच खिडकीवर मिळतात. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅविर ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी, १२ तासांनी, घ्यावी लागते. फिटच्या काही औषधांचाही अडथळा होतो. खाजगी डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक गोळी केंद्रात दाखवा.

४. यानंतर तीन महिने समुपदेशन आणि नीट गोळ्या, मग पुन्हा व्हायरल लोड. पुष्कळांचा इथेच खाली येतो.

५. तरीही १,००० च्या वर राहिला तर प्रकरण राज्य पातळीवरच्या तज्ज्ञ समितीकडे जातं. सॅसेप हा शब्द तिथे कानावर येईल. औषध बदलायचं का, कोणतं द्यायचं, हे ती ठरवते. ठरेपर्यंत चालू गोळी बंद करायची नाही.

व्हायरल लोड उत्तम, सीडी४ हलतच नाही

असं होतं, विशेषतः उशिरा निदान झालेल्यांत आणि वयस्कर माणसांत. दोन-तीन वर्षं लोड नॉट डिटेक्टेड, आणि काउंट २०० च्या आसपास अडकलेला. गोळ्या बदलून किंवा त्यांची संख्या वाढवून तो वाढत नाही. टीबी किंवा दुसरा दडलेला आजार, स्टेरॉइड यांची चौकशी करतात, कोट्रायमोक्साझोल चालू ठेवतात आणि लोड दबलेला राहील एवढं पाहतात. यात रुग्णाचा दोष नसतो, तसं त्याला स्पष्ट सांगायला हवं.

लहान मुलं

बाळांमध्ये सीडी४ मुळातच खूप जास्त असतो. ७०० हा आकडा प्रौढात छान, १० महिन्यांच्या बाळात गंभीर. वर्षाच्या आतल्या बाळात १,५०० च्या वर, १ ते ५ वर्षांत १,००० च्या वर अपेक्षित. पाच वर्षांखालच्या मुलांत टक्का वाचावा, सहाव्या वर्षापासून प्रौढांचे निकष लागू होतात. एचआयव्ही असलेलं पाच वर्षांखालचं मूल, काउंट काहीही असो, प्रगत आजाराच्याच गटात धरतात.

आईकडून बाळाला संसर्ग झाला का, हे सीडी४ वरून कळत नाही आणि साध्या अँटिबॉडी तपासणीनेही नाही, कारण आईच्या अँटिबॉडी बाळात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यासाठी सहाव्या आठवड्यात टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांची पीसीआर (थेट विषाणू शोधणारी तपासणी) करतात, पुढे ६ आणि १२ महिन्यांना तपासतात, आणि १८ महिन्यांनी शेवटची खात्री. पहिली निगेटिव्ह आली म्हणून बाकीच्या सोडायच्या नाहीत.

एचआयव्ही-२ असेल तर

पश्चिम भारतात, म्हणजे महाराष्ट्र-गोव्यातही, एचआयव्ही-२ चे, म्हणजे एचआयव्हीच्या दुसऱ्या, कमी आढळणाऱ्या प्रकाराचे रुग्ण आढळतात. संख्या थोडी आहे, पण चूक महागात पडते. नेहमीची व्हायरल लोडची यंत्रं फक्त एचआयव्ही-१ मोजतात. एचआयव्ही-२ असलेल्या माणसाचा रिपोर्ट नॉट डिटेक्टेड आला तर त्याचा अर्थ काहीच नाही. त्याच्यासाठी सीडी४ आणि तब्येत हीच देखरेख, म्हणून त्याचा सीडी४ बंद करायचा नाही. एफाविरेन्झ आणि नेविरॅपिन ही जुनी औषधं एचआयव्ही-२ वर चालतच नाहीत. तुमच्या पहिल्या रिपोर्टवर प्रकार लिहिलेला आहे का ते बघून ठेवा. गोळ्यांशिवाय लोड सापडत नाही आणि सीडी४ मात्र उतरतोय, असं दिसलं तर हा प्रश्न डॉक्टरांना विचाराच.

कागद

केंद्रातून मिळणारी हिरवी पुस्तिका जपा. तिच्या मागच्या पानावर स्वतःच्या हाताने चार रकाने आखा: तारीख, सीडी४ (काउंट आणि टक्का), व्हायरल लोड, आणि त्या दिवशीची तब्येत. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. दोन वर्षांनी ३१० वरून २२० असा उतार दिसला तर शेजारी "डेंग्यू, १० दिवसांपूर्वी" एवढी नोंद नवा डॉक्टर क्षणात समजून घेतो.

कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात जाणार असाल तर केंद्रातून ट्रान्सफर लिहून घ्या, सगळ्या रिपोर्टच्या झेरॉक्स ठेवा आणि निघताना हातात किमान महिनाभराच्या गोळ्या असू द्या. तुमचा रिपोर्ट तुमच्या परवानगीशिवाय मालकाला किंवा नातेवाइकांना देता येत नाही, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यात ते स्पष्ट आहे. नव्या गावात केंद्र कुठे आहे हे कळत नसेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा.